पक्ष्यावरची जकात

दृश्यकला म्हणजे काय, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा पुस्तकातून सोडवायला जातो आणि तिथे तो सुटत नाही. व्याख्या मिळतात, एक सोडून दहा मिळतात. पण प्रदर्शनात एखाद्या कामापुढे उभं राहिलं की त्यातली एकही उपयोगी पडत नाही. म्हणून आज मी हा प्रश्न पुस्तकातून न उचलता कोर्टातून उचलणार आहे. एकदा खरोखरच न्यायाधीशांना साक्षीपुरावे घेऊन, अमुक एका वस्तूला कलाकृती म्हणायचं की नाही, याचा निवाडा करावा लागला होता. त्या निवाड्यावर पैसे अवलंबून होते. त्यामुळे कुणाला मोघम बोलून सुटता येत नव्हतं.

१९२६ सालचा ऑक्टोबर महिना. ‘पॅरिस’ नावाची आगबोट न्यूयॉर्क बंदराला लागली. तिच्यावर कॉन्स्तान्तिन ब्रांकुशी या शिल्पकाराची वीस शिल्पं होती. ब्रांकुशी मूळचा रुमानियाच्या खेड्यातला, स्थायिक झालेला पॅरिसमध्ये. जकात अधिकाऱ्यांनी खोकी उघडली. त्यातल्या एकात ब्राँझची, सुमारे साडेचार फूट उंचीची, निमुळती, आरशासारखी लखलखीत अशी एक वस्तू निघाली. कागदावर नाव लिहिलं होतं ‘अवकाशातला पक्षी’. चोच नाही, पंख नाहीत, पिसांचा पत्ता नाही. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे कलाकृतीला आयात कर माफ होता. धातूच्या तयार मालावर मात्र ४० टक्के कर होता. अधिकाऱ्यांनी पक्ष्याची नोंद ‘स्वयंपाकघरातील भांडी आणि रुग्णालयातील साहित्य’ या वर्गात केली आणि कर लावला.

तो पक्षी विकत घेतला होता एडवर्ड स्टायकेन या नामवंत छायाचित्रकाराने. त्याने आणि त्याच्या मित्रमंडळींनी प्रकरण कोर्टात नेलं. ‘ब्रांकुशी विरुद्ध अमेरिका’ या नावाने ते ओळखलं जातं.

ही हकिगत सांगितली की लोक अधिकाऱ्यांना हसतात. मला ते हसणं थोडं अन्यायाचं वाटतं. अधिकाऱ्यांच्या हातात नियम होता आणि त्यामागे १९१६ सालचा एक निकालही होता. शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूंची, मुख्यतः मानवी देहाची, खऱ्या प्रमाणात केलेली प्रतिकृती, असं त्या निकालात म्हटलं होतं. शिवाय १९२२ च्या कायद्याच्या आणखी अटी होत्या. काम व्यावसायिक शिल्पकाराचं हवं, मूळ हवं, आणि वस्तू उपयोगाची नको. म्हणजे सादृश्य, कर्ता, अस्सलपणा आणि निरुपयोगीपणा. कलेची व्याख्या करायला बसलेला माणूस आजही फिरून फिरून याच चार खुंट्यांना येऊन अडकतो.

पहिली खुंटी सादृश्याची. खटल्यात सगळ्यात जास्त वेळ तिच्यावर गेला. हा तुम्हाला पक्ष्यासारखा दिसतो का, असं स्टायकेनला विचारलं गेलं. दिसत नाही, पण पक्षी आहे असं जाणवतं, असा त्याचा जबाब होता. मग, जंगलात ही वस्तू दिसली असती तर तुम्ही बंदूक झाडली असती का? नाही, म्हणाला. जेकब एपस्टाइन हा शिल्पकार तर साक्षीला येताना प्राचीन इजिप्तमधला दगडी ससाणाच बरोबर घेऊन आला. त्यालाही पिसं नव्हती. तरी कोणताही वस्तुसंग्रहालयवाला त्याला भांडं म्हणायला धजला नसता. सरकारच्या बाजूनेही दोन शिल्पकारच उभे राहिले आणि हे शिल्प नव्हे, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. तेव्हा हा वाद जाणकार विरुद्ध अडाणी असा नव्हता.

‘हे कशाचं चित्र आहे?’ हा आपल्याकडचाही पहिला प्रश्न. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना आठवेल, स्थिरचित्रात पेला पेल्यासारखा आला नाही की गुण गेले. पण त्याच परीक्षेत संकल्पचित्राचाही पेपर असे, आणि तिथे ‘हे कशाचं?’ असं कुणी विचारत नसे. ठिपक्यांच्या रांगोळीला तरी कोण विचारतं? दारात उकिडवं बसून आकार जोडत जाणाऱ्या बाईला आणि तिच्याकडे बघणाऱ्याला तो प्रश्नच पडत नाही. म्हणजे केवळ रेषेचा, रंगाचा, लयीचा आनंद आपल्याला परका नाही. भिंतीवर चौकट टांगली की मात्र आपण घाबरतो.

आपल्या जुन्या ग्रंथकारांनी सादृश्य मानलं होतं, पण त्याला एकट्याला गादीवर बसवलं नव्हतं. कामसूत्रावरच्या टीकेत, तेराव्या शतकात, यशोधर पंडिताने चित्राची सहा अंगं सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. सहांतलं एक सादृश्य. त्याआधीच्या विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात तर मला फार आवडणारा एक संवाद आहे. वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती कशी घडवायची ते विचारतो. ऋषी म्हणतात, त्यासाठी चित्र यायला हवं. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्यवादन आणि वादनासाठी गायन. राजा बिचारा छिन्नी-हातोड्याच्या तयारीत असतो आणि त्याला सा लावायला पाठवलं जातं! त्यात तथ्य असं की, चित्रशिल्पात नुसता आकार उतरवायचा नसतो. हालचाल, तोल, लय उतरवायची असते. ब्रांकुशीच्या बाजूने मार्कंडेयांना साक्षीला बोलवता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी खुंटी हाताच्या कौशल्याची. एखादा चांगला कारागीर धातू घासून-पुसून असा दांडा तयार करू शकणार नाही का, असा सवाल आला. उत्तर मिळालं, घासून देईल, पण त्याची कल्पना करू शकणार नाही. उत्तर हजरजबाबी आहे. मला ते पुरतं पटत नाही, कारण कारागिराला कल्पना नसते हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. आणि स्वतः ब्रांकुशी तर हाताने काम करणाराच होता. ओतून आलेलं ब्राँझ तो स्वतः कानशीने घासत, झिलई देत बसे. गंमत म्हणजे ही शिल्पं अमेरिकेत नेताना बरोबर होता मार्सेल द्यूशाँ, ज्याने १९१७ मध्ये कारखान्यात बनलेलं मुताऱ्याचं भांडं टोपणनावाने सही करून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाकडे धाडलं होतं. शुल्क भरणाऱ्या कुणाचंही काम स्वीकारायचं असा त्या प्रदर्शनाचा नियम असूनही ते मांडलं गेलं नाही. घडवणं सोडून नुसती निवड केली तरी कलाकृती होते का, हा त्याचा प्रश्न होता. त्यावर पुढच्या शतकभरात इतकं लिहिलं गेलं आहे की मी त्यात भर घालत नाही.

निकाल लागला नोव्हेंबर १९२८ मध्ये, ब्रांकुशीच्या बाजूने. निसर्गाची नक्कल करण्याऐवजी अमूर्त कल्पना आकारात मांडू पाहणारा एक नवा संप्रदाय उदयाला आला आहे. तो आपल्याला रुचो वा न रुचो, त्याची दखल घ्यायला हवी, असं कोर्टाने मानलं. १९१६ ची व्याख्या बाजूला पडली. मात्र पक्ष्याला आत घेताना कोर्टाने टेकू घेतला तो असा: वस्तू डौलदार आहे, बघायला सुखद आहे, शोभेची आहे, आणि व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आहे. एक चाळणी फेकली आणि दुसरी हातात घेतली!

बघायला सुखद! चित्तप्रसाद या चित्रकाराने १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात गावोगाव पायी फिरून भुकेने मेलेल्या-मरणाऱ्या माणसांची काळ्या शाईत चित्रं काढली. ‘हंग्री बेंगॉल’ नावाने त्यांची पुस्तिका निघाली आणि ब्रिटिश सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. त्या चित्रांत सुखद काय आहे? तरी त्यातली रेषा अशी आहे की बरगडी आणि फांदी यांतला फरक पुसला जातो. चित्तप्रसाद पुढे मुंबईत, अंधेरीला येऊन राहिले. त्यांच्या कामाला कलाकृती न म्हणणारी कुठलीही व्याख्या मी तरी मान्य करणार नाही.

मग बघायचं कसं? माझ्यापुरतं मी असं धरून चालतो: कुणीतरी काहीतरी निवडून ते एखाद्या द्रव्यात असं मांडतं की बघण्यातूनच ते कळावं, दुसऱ्या कशातून नाही. ही व्याख्या कोर्टात टिकणार नाही. पण तिच्यातून तीन गोष्टी हाताला लागतात: माध्यम, घाट आणि आशय. त्या एकमेकींपासून किती कमी सुट्या होतात, हे पुन्हा ब्रांकुशीच्या पक्ष्यावरूनच बघू.

खाली त्याचा पाया अगदी चिंचोळा आहे. तिथून आकार फुगत छातीसारखा भरतो आणि मग वर निमुळता होत होत शेवटी तिरका छाटल्यासारखा संपतो. डोळा कुठेच थांबत नाही, वर ओढला जातो. हा झाला घाट. आता त्यावर झिलई. चकाकत्या ब्राँझमध्ये खोली, खिडकी, बघणारा माणूस सगळं वाकडंतिकडं उमटतं आणि धातूचा जडपणा डोळ्यांदेखत विरून जातो. हे माध्यमाचं काम. पक्षी दाखवलेला नाही, उड्डाण दाखवलं आहे, असं आपण म्हणतो तो आशय. पण तो या दोहोंतून वेगळा काढून दाखवा बरं.

माध्यम बदललं तर काय होतं, हे बघायची सोय ब्रांकुशीनेच करून ठेवली. ‘अवकाशातला पक्षी’ त्याने १९२३ पासून पुढे सोळा वेळा केला, सात संगमरवरात, नऊ ब्राँझमध्ये. त्यातले तीन एकाच माणसाने घेतले, आणि तो माणूस होता इंदूरचा राजा, यशवंतराव होळकर दुसरे. एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. ब्राँझ भोवतालचा उजेड परत फेकतं, पांढरा दगड तो थोडा आत मुरवतो, काळा तर आकाराची नुसती कड उरवतो. आकार तोच, पक्षी तीन. यशवंतरावांच्या मनात या पक्ष्यांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर उभारायचं होतं. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी त्यासाठी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही. ब्राँझचा पक्षी आज कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाला आहे, दोन्ही संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला. आणि यशवंतरावांच्या माणिकबाग राजवाड्यात पुढे कार्यालय आलं ते नेमकं केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क खात्याचं. हे मी रचून सांगत नाही.

आता राहिलेल्या खुंट्या: कर्ता, अस्सलपणा आणि निरुपयोगीपणा. ब्रांकुशीला त्या सहज लागू पडल्या, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पण त्याच घेऊन पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या वारली पाड्यावर जा. लग्नघरी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. शेणामातीने, गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चेचलेली बांबूची काडी. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट. हे लिहिणाऱ्या बाया व्यावसायिक नाहीत. सही कुणाची नाही. एकमेव नाही, दर लग्नात नवा चौक येतो. आणि निरुपयोगी तर अजिबात नाही, त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. चारांतल्या तीन अटींवर हा चौक नापास! अमेरिकेतल्या खटल्यात जी दारं उघडली, ती यांच्यासाठी उघडली नव्हती.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकला खात्याच्या वतीने या भागात गेले आणि त्यांनी कागद दिला. जिव्या सोमा म्हसे पुढे आले, बायकांची मानली जाणारी ही कला त्यांनी रोजचं काम म्हणून हाती घेतली. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याचं चित्र ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना घाट म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागणार नाही. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. कागदावर आल्यावर कर्ता आला, नाव आलं, किंमत आली. ते चांगलंच झालं. त्यावर गळा काढणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण पोट त्यांचं भरायचं असतं, आपलं नाही. पण भिंतीवर लिहिणाऱ्या बायांची नावं त्या कागदावर आली नाहीत, हेही खरं.

आपल्या सीमाशुल्काच्या दरपत्रकात ९७ वं प्रकरण कलाकृतींचं आहे. जगातल्या बहुतेक देशांत त्याची शब्दरचना सारखीच असते. पूर्णपणे हाताने काढलेलं चित्र त्यात बसतं. हाताने रंगवलेली किंवा सजवलेली उत्पादित वस्तू त्यात बसत नाही, ती आपापल्या मालाच्या प्रकरणात जाते. शिल्पांच्या बाबतीत तर परंपरागत कारागिरीचा व्यापारी स्वरूपाचा माल वगळला आहे, मग तो कलावंताने घडवलेला का असेना. तेव्हा एखाद्या वारली मुलीने तारपा नाच कापडावर काढला तर ते चित्र, आणि तोच नाच, त्याच हाताने, त्याच पांढऱ्या रंगात लाकडी ट्रेवर काढला तर ते स्वयंपाकघरातलं सामान. तिच्या आईने लग्नात लिहिलेला चौक या कागदपत्रांत कुठेच येत नाही. भिंत बोटीवर चढवता येत नाही, आणि पुढच्या सारवणात तो पुसलाही जातो.