दप्तरातली लेक

आजऱ्याच्या तहसील कचेरीत जुने दप्तर बघायचे तर आधी अर्ज द्यायचा, त्यावर गाव आणि साल घालायचे. मग कपड्यात बांधलेला गठ्ठा समोर येतो. मी पणजीचे माहेर शोधत होते. गाव घरात ठाऊक होते. त्या गावातले घर कुठले, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

सुरुवात गाव नमुना नंबर 14 पासून, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदी असलेल्या कोतवाल बुकापासून. जुनी पाने मोडीत. मोडी जाणणारे एक काका बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते: तारीख, बापाचे नाव, जात आणि पुढे नुसतेच 'मुलगी'. वर्दी बारशाआधी गेलेली, त्यामुळे नाव नाहीच. मुलग्याचेही तसेच असते, पण तो पुढे बापाच्या जमिनीवर, शाळेच्या रजिस्टरात, सुगीनंतर घरोघर येणाऱ्या हेळव्याने सांगितलेल्या वंशावळीत सापडतो. लेक लग्न होऊन जाते आणि मृत्यूच्या नोंदीत परगावी 'अमक्याची बायको' म्हणून उगवते. मधला दुवा कुठेच नाही.

तो दुवा सापडला जमिनीच्या फेरफाराच्या वहीत. गट नंबर माहीत नसल्याने पान पान वाचणे आले. एका नोंदीत खातेदार मयत, वारस म्हणून मुलगे, विधवा आणि शेवटी लेकी, सासरच्या नावागावासकट. त्यात पणजी होती. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने लेक बापाच्या मिळकतीत वारस ठरली, म्हणून तलाठ्याला तिचे नाव लिहावे लागले. काही पानांनंतर दुसरी नोंद: बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडला, सबब नावे कमी केली. खाली 'नोंद मंजूर' आणि सर्कलची सही. जमीन सोडली म्हणून पणजी कागदावर दुसऱ्यांदा आली. त्यानंतर माहेरच्या दप्तरात ती नाही.

बाई कागदावर येते ती काही गमावताना, हे आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये 1538 पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवू लागले. 1591 साली लिंकनशरमधल्या आल्फर्डला जन्मलेली अ‍ॅन हचिन्सन 1634 मध्ये अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीत, बोस्टनला गेली. तिचे माहेर आज सांगता येते ते या नोंदींमुळे. पण तिचे स्वतःचे बोलणे टिकले, ते 1637 साली तिच्यावर चाललेल्या खटल्याच्या कागदांत. धर्माबद्दल उघड मत मांडले म्हणून तिला वसाहतीबाहेर घालवले होते. बाईचा शब्द लिहून घेतला गेला, तो तिला गप्प करताना.

म्हणून बाईचा वंश शोधणाऱ्याने वंशावळीच्या आधी वारसनोंदी, हक्कसोडपत्रे, वाटण्यांचे दावे उघडावेत. जिथे तिचे काही गेले, तिथे ती सापडते. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलग्याइतका हक्क दिला. कायद्याने तिला वारस मानले, तसे घरच्या वंशावळीतही माना. आता ती वंशावळ लिहाल, तेव्हा प्रत्येक लेकीचे पाळण्यातले नाव, सासरचे नाव आणि गाव लिहा. सून आली, तर तिच्या आईचेही नाव विचारून घ्या.