टाकीवरचा डबा चालू, तरी गावचे इंटरनेट का तुटते?

जुलै महिना. पीकविम्याची मुदत तोंडावर आलेली, सेवा केंद्राबाहेर रांग लागलेली, आणि नेमके तेव्हाच इंटरनेट जाते, येते, पुन्हा जाते. अर्ज अर्धा भरून होतो आणि पडदा कोरा. टॉवरवाल्याला फोन लावला तर तो म्हणतो, ‘‘इकडून सगळं ठीक आहे.’’ त्याचे खरेही असते. मग बिघाड कुठे शोधायचा?

बऱ्याच गावांत आता पाण्याच्या टाकीवर किंवा उंच टॉवरवर एक मुख्य डबा असतो आणि तिथून शाळा, दूध डेअरी, सोसायटी, वाड्या-वस्त्यांवरच्या डब्यांना हवेतून जोडणी दिलेली असते. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील गावांत हवेतून जोडणी पोचवून दाखवली आणि २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवले. म्हणजे तंत्र खोटे नाही. त्याची राखण मात्र करावी लागते.

पहिला प्रश्न एकच विचारा : एकाचे तुटते की सगळ्यांचे एकदम? ग्रामसेवकांनी यासाठी एक वही घालावी. तारीख, वेळ, कुणाचे तुटले, लाइट होती का, पाऊस-वारा होता का. आठ दिवसांची अशी वही हातात असली की दुरुस्तीवाला टाळाटाळ करू शकत नाही.

एकाच घरचे तुटत असेल तर बिघाड बहुतेक त्याच घरी असतो. गच्चीवरून खाली येणारी केबल बघा. घरात वापरायची साधी केबल बाहेर टाकली असेल तर उन्हाने तिचे आवरण तडकते, पाणी आत शिरते आणि प्लगच्या तांब्याला हिरवा गंज चढतो. केबल डब्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते. एका केबलची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नको. त्याच केबलमधून डब्याला वीजही जाते, म्हणून दाब कमी-जास्त झाला की डबा बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि आपण म्हणतो, रेंज गेली.

आता पावसाचे. पाच गिगाहर्ट्झच्या लहरींना गावातल्या अंतरावर पाऊस स्वतः फारसा अडवत नाही. अडवतात ती ओली पाने. मे महिन्यात जोडणी लावली तेव्हा मधली झाडे विरळ होती. श्रावणात तीच झाडे भिंत होतात. आणि नुसता टॉवर डोळ्याला दिसला म्हणजे भागले असे नाही. लहरी मधल्या जागेत फुगतात. चार किलोमीटरच्या अंतरात अगदी मध्यावर हा फुगवटा सरळ रेषेच्या चहूबाजूंनी सुमारे ७ मीटर असतो. त्यातला निदान साडेचार मीटर तरी मोकळा हवा. फांदी छाटणे जमत नसेल तर पाइप वाढवा.

वाऱ्याने डबा फिरला का, हेही बघायचे. दुरुस्तीवाल्याला सिग्नलचा आकडा विचारा. तो उणे ५० ते ६५ असेल तर उत्तम, उणे ७५ च्या पलीकडे गेला तर जोडणी टिकणार नाही. बसवण्याच्या दिवशीचा आकडा भिंतीवर लिहून ठेवला तर पुढची निम्मी वादावादी वाचते.

सगळ्यांचे एकदम जात असेल तर गोष्ट टाकीवरच्या डब्याची. त्याची वीज, बॅटरी आणि टॉवरवर येणारी लाइन आधी तपासावी. मग शेजारचा गोंगाट. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने पाच गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त केला, त्यामुळे कुणीही डबे लावू शकतो आणि एकाच चॅनेलवर दोघे बोलत राहतात. अशा वेळी चॅनेल बदलावा, रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणावी. वेग थोडा कमी होतो, पण अर्ज तरी पुरा भरता येतो! काही चॅनेल रडारसाठीही आहेत. रडारची चाहूल लागली की डबा तो चॅनेल सोडतो आणि सगळे ग्राहक मिनिटभर किंवा अधिक वेळ तुटतात.

एक दुखणे मात्र हमखास चुकते. दोन वाड्यांतले डबे एकमेकांना ऐकू शकत नाहीत, मध्ये टेकडी असते. दोघे एकाच वेळी बोलतात आणि टाकीवरच्या डब्याला कुणाचेच नीट कळत नाही. रात्री एकटा असताना छान चालते, सकाळी दहाला सगळे बसले की तुटते, ही याची खूण. मुख्य डब्यात पाळीपाळीने बोलू देण्याची सोय असेल तर ती चालू करून घ्या. त्यासाठी साधारणपणे सगळे डबे एकाच बनावटीचे लागतात. अंतराची नोंदही सर्वांत लांबच्या घराप्रमाणे हवी. तीन किलोमीटर लिहिले आणि वस्ती सहावर असली, तर तिची पोच उशिरा येते, डबा तेच पुन्हा पाठवत बसतो आणि त्या एका घरापायी सारे गाव रखडते.

टाकीवर मात्र स्वतः चढू नका. पावसात, विजेच्या तारांजवळ तर नाहीच. ते काम पट्टा बांधून चढणाऱ्या माणसाचे. आणि पंचायतीने करार करताना मे अखेरची एक तपासणी त्यात लिहूनच घ्यावी : केबल, प्लग, अर्थिंग, फांद्या आणि प्रत्येक घराचा आकडा.