समजून घ्या: कोल्ड फ्यूजनचा दावा करणाऱ्याच शास्त्रज्ञाच्या प्रयोगातून नॅनो-ऑप्टिक्सचं तंत्र कसं आलं? ट्रॉम्बेत काय सापडलं होतं?

‘पाण्यातून फुकट वीज’ असा एखादा व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल. त्यात ‘कोल्ड फ्यूजन’ हा शब्द अनेकदा असतो. मुलुंडकरांसाठी हा विषय वाटतो तितका लांबचा नाही. लोकलने कुर्ला आणि तिथून हार्बर लाइनने मानखुर्द गाठलं की पुढे ट्रॉम्बे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात (बीएआरसी) १९८९ मध्ये या दाव्याची तपासणी झाली होती.

कोल्ड फ्यूजन म्हणजे काय?

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअसला हायड्रोजनची अणुकेंद्रं एकत्र येतात आणि ऊर्जा बाहेर पडते. हेच टेबलावरच्या काचेच्या भांड्यात घडतं, असा दावा मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स यांनी २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात केला. जड पाण्यात पॅलेडियमचा इलेक्ट्रोड ठेवून वीज सोडली. पॅलेडियमने पाण्यातला ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, स्पंजासारखा शोषला. दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता मिळाली, असं त्यांचं म्हणणं होतं.

ट्रॉम्बेत काय सापडलं?

बीएआरसीचे तत्कालीन संचालक डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या विभागांतले गट कामाला लागले. जड पाणी आणि ट्रिटियम मोजण्याचा अनुभव त्यांच्याकडे होताच. डिसेंबर १९८९ च्या अहवालात ट्रिटियम आणि न्यूट्रॉन आढळल्याची नोंद आहे.

पण एक कोडं होतं. नेहमीच्या फ्यूजनमध्ये ट्रिटियम आणि न्यूट्रॉन साधारण सारख्या प्रमाणात तयार होतात. इथे ट्रिटियमच्या सुमारे कोटी अणूंमागे एखादाच न्यूट्रॉन दिसत होता. शिवाय हाच परिणाम हवा तेव्हा पुन्हा मिळवता येत नव्हता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे काम थंडावलं.

मग नॅनो-ऑप्टिक्सचा संबंध कुठे?

इथे पुन्हा फ्लाइशमनच येतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या रामन परिणामात, रेणूवर आदळून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलतो. त्यावरून रेणू ओळखता येतो, पण हा संकेत फारच क्षीण असतो.

१९७४ मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन आणि दोन सहकाऱ्यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खडबडीत केला. त्यावर चिकटलेल्या पिरिडीनच्या रेणूंचा संकेत कमालीचा ठळक आला. पृष्ठभाग वाढला, जास्त रेणू बसले, असं त्यांना वाटलं. १९७७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी हिशेब केला, तेव्हा वाढ सुमारे दहा लाख पट निघाली. फक्त वाढलेल्या पृष्ठभागाने ते शक्य नव्हतं.

मुख्य कारण चांदीच्या बारीक उंचवट्यांत होतं. प्रकाश पडला की धातूतले इलेक्ट्रॉन एका तालात हलतात आणि काही नॅनोमीटरच्या फटींत प्रकाश एकवटतो. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज येईल. आज ‘सर्स’ नावाच्या या तंत्राने कीटकनाशकांचे अंश शोधता येतात. १९९७ मध्ये तर एकेक रेणू टिपल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

एक टिकला, दुसरा का अडकला?

दोन्ही प्रयोगांत फ्लाइशमन होते, इलेक्ट्रोड होता आणि अनपेक्षित निकाल होता. फ्लाइशमन यांचं १९७४ मधलं स्पष्टीकरण तर अपुरंच ठरलं. तरीही सर्स टिकलं, कारण इतर प्रयोगशाळांना तोच संकेत मिळत गेला आणि कारणही सापडलं. कोल्ड फ्यूजनमध्ये हे दोन्ही झालं नाही.

आज काय स्थिती आहे?

गुगलच्या पैशातून झालेल्या फेरतपासणीत कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नाही, असं २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. २०२५ मध्ये कॅनडातल्या एका गटाने पॅलेडियममध्ये विजेने ड्युटेरियम भरून फ्यूजनचा वेग सरासरी १५ टक्के वाढवला. पण त्यात वेगवान आयनांचा मारा होता आणि मिळालेल्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा खर्च झाली.

म्हणून पुढच्या वेळी तो व्हिडिओ आला, आणि विशेषतः त्याखाली पैसे गुंतवायची लिंक असली, तर आधी एकच बघा: हा प्रयोग दुसऱ्या कुणी, दुसऱ्या प्रयोगशाळेत करून दाखवला आहे का?