माळव्यातील पहिले आठ दिवस

परक्या गावात उतरल्यानंतरचे पहिले आठ दिवस माणसाच्या आयुष्यात काही वेगळेच असतात. डोळे विलक्षण जागे असतात आणि समज मात्र अजून आलेली नसते. आपल्या मंडळींपैकी कितीतरी घरांतील मुलेमुली आता जपान-जर्मनीस जातात. क्योतोसारख्या शहरात जोडे कोठे काढावे, ताटातील पदार्थ कशाशी खावा, देवळाच्या दारी नमस्कार कसा करावा, असे प्रश्न त्यांना पडतात आणि त्यांच्या हकीकती आपण कौतुकाने ऐकतो. पण याच नवखेपणाने कोणी आपल्या धार-देवासकडे पाहिले होते काय? पाहिले होते, आणि लिहूनही ठेवले आहे. आपल्या घरांतून ते लिखाण फारसे वाचले जात नाही, म्हणून आज त्याची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ धार प्रांतातून करू. धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या मांडूस १६१७ साली जहांगीर बादशहाचा मुक्काम होता. त्याच्या लवाजम्याबरोबर इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हाही तेथे आला. आज सहलीला गेलेल्या आपल्या मुलांना जहाज महालाच्या दोन्ही अंगांचे तलाव, गोरखचिंचेची अवाढव्य झाडे आणि रूपमतीच्या मंडपावरून दिसणारे निमाडचे खोरे आठवते. रोच्या रोजनिशीत मात्र पाण्याची टंचाई आहे. ओसाडलेल्या डोंगरावर एकाएकी बादशाही छावणीची हजारो माणसे आणि जनावरे आली. पाण्याच्या जागा मोठमोठ्या सरदारांनी आपल्याकडे घेतल्या, आणि परदेशी वकिलाला पाण्यासाठी वणवण करावी लागली. जुन्या पडक्या इमारतीत त्याने बिऱ्हाड केले. तेथे रात्री सिंह येई. पण सिंहाची शिकार हा बादशहाचा हक्क, त्यामुळे त्याच्यावर शस्त्र उचलण्यापूर्वी परवानगी मागावी लागली! ज्या तलावांचे आपण गोडवे गातो, त्या गडावर एक पाहुणा पाण्यावाचून व्याकूळ झाला होता, ही गोष्ट कोणताही वाटाड्या सांगत नाही. स्थळाचे सौंदर्य आणि त्या स्थळी राहण्याची सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे नवख्याला पहिल्याच दिवशी कळते.

रो राजकारणासाठी आला होता. त्याने आपला पोशाख बदलला नाही, आपले अंतरही सोडले नाही. त्याच्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी देवासला जो इंग्रज पाहुणा आला, त्याची तऱ्हा अगदी निराळी होती. तो म्हणजे प्रसिद्ध कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर.

देवासची घडी वाचकांस ठाऊक आहेच. तुकोजी व जिवाजी या दोन पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली. आणि दोहोंची राजधानी एकाच गावात! दोन दरबार, दोन राजवाडे, दोन कारभार, आणि मध्ये टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा या दोन देवी. गावकरी त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे शिक्षक माल्कम डार्लिंग हे फॉर्स्टरचे स्नेही. त्या ओळखीने १९१२ च्या नाताळात फॉर्स्टर प्रथम देवासला आला. महाराज त्या वेळी पंचविशीच्या आतले, हौशी आणि बोलके होते.

त्या पहिल्या दिवसांचे वर्णन फॉर्स्टरने घरी धाडलेल्या पत्रांतून केले आहे. राजवाड्यात मेजवानी होती. तीसाठी महाराजांच्या मंडळींनी त्याला आपला पोशाख चढविला. पांढऱ्या मलमलीची विजार, त्यावर लाल-पांढऱ्या-हिरव्या रंगाची बंडी, वर जरीकाठी किरमिजी रेशमी अंगरखा आणि एका कानावर झुकलेली लाल-सोनेरी मराठी पगडी! आपण कसे दिसत होतो हे त्याने स्वतःच मिस्कीलपणे रंगविले आहे. पुढे जेवणाचे ताट आले. त्या ताटाची आकृती काढून, प्रत्येक वाटीला आणि प्रत्येक ढिगाला क्रमांक देऊन, त्याने तो सारा थाट घरच्यांना समजावून सांगितला आहे. भाताचे तीन ढीग होते. एक साधा, एक मसाला व डाळ घातलेला आणि एक बेदाणे घातलेला गोड. नावे त्याला ठाऊक नव्हती. परंतु आपल्या घरातील कोणतीही गृहिणी ते पत्र वाचताच साखरभात ओळखील, आणि ज्या सोनेरी वेटोळ्यांचा गोडवा त्याला सोसला नाही ती जिलबी असावी हेही सांगेल. भाज्यांना त्याने केवळ अपरिचित म्हणून सोडून दिले आहे.

हे वाचताना प्रथम हसू येते, मग थोडे वाईट वाटते. आपल्या पंगतीची ही थट्टा तर नव्हे? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याने वाटीवाटीला क्रमांक दिला, त्याने ते ताट मनापासून पाहिले होते. आपण वर्षानुवर्षे त्याच ताटावर जेवतो; पण मीठ कोठे, चटणी कोठे, भात आधी कोणता, याची आकृती काढावी असे आपल्याला कधी सुचते काय? आणि सुनेला वा नातवंडांना ती विचारली, तर किती घरांतून बरोबर उत्तर येईल?

१९२१ साली फॉर्स्टर पुन्हा देवासला आला, तो महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून. सुमारे सहा महिने त्याने ते काम पाहिले. बागा, मोटारी, पाहुण्यांचा बंगला, विजेचे घर अशी नाना खाती त्याच्या गळ्यात पडली. त्याच श्रावणात त्याने जुन्या राजवाड्यातील गोकुळाष्टमीचा उत्सव पाहिला. त्याने आपला पोशाख घातला, पाय अनवाणी ठेवले आणि गर्दीत उभा राहिला. एकाच वेळी वाजणारी निरनिराळी वाद्ये, फुलांचा चिखल, कोणाचा कोणाला मेळ नाही. त्याच्या शिस्तशीर मनाला हा सारा गोंधळ असह्य झाला, आणि तसे त्याने स्पष्ट लिहिले. पण देवापुढे नाचणाऱ्या महाराजांचा तल्लीन चेहराही त्याने पाहिला, आणि आपल्याला न समजलेले काहीतरी येथे खरोखर आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदले. मातीचे गोकुळ करून शेवटी ते तलावात विसर्जन करण्याचा प्रकार त्याच्या मनात ठसला.

१९१२-१३ च्या प्रवासानंतर त्याने हाती घेतलेली आणि अर्धवट राहिलेली कादंबरी या दुसऱ्या मुक्कामानंतर पुरी झाली. ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही ती कादंबरी, प्रसिद्धी १९२४. तिच्या अखेरच्या भागातील संस्थानी जन्मोत्सव हा आपल्या देवासच्या गोकुळाष्टमीवरून घेतलेला आहे. त्यात कीर्तन करणारे प्राध्यापक नारायण गोडबोले आहेत, आणि भजनात तुकारामांचे नाव घुमते. हिंदी मुलखातल्या एका लहानशा मराठी दरबाराने जपलेला तुकोबांचा गजर असा जगाच्या वाङ्मयात जाऊन बसला. पुण्या-मुंबईच्या थोर मंडळींना जे साधले नाही, ते माळव्यातल्या एका उत्सवाने नकळत साधले, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हरकत नाही.

अर्थात ही नजर निर्दोष नव्हे. फॉर्स्टरला मराठी येत नव्हते. दरबारी माणसांपलीकडचे देवास, म्हणजे माळवी बोलणारे शेतकरी, बाजार आणि सामान्य मराठी बिऱ्हाडे, त्याच्या पत्रांत अंधुकच दिसतात. पुष्कळ ठिकाणी तो हसतो तेव्हा सत्ताधारी जातीचा माणूस हसतो आहे, हे आपण विसरू नये. तरीही पुढे कर्जाच्या ओझ्याने व इंग्रज सरकारच्या रोषाने महाराजांना राज्य सोडून पाँडिचेरीस जावे लागले, आणि १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला, तेव्हा हा मित्र त्यांना विसरला नाही. १९५३ साली त्याने ती जुनी पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने छापली, त्यांतून आपल्या मित्राची बाजू जगापुढे मांडली, आणि देवासचा सहवास ही आपल्याला लाभलेली फार मोठी संधी होती असे म्हटले. पुस्तकाला नाव दिले ते आपल्या टेकडीचे.

रो आणि फॉर्स्टर यांच्यात हा फरक कशाने पडला? स्वभावाचा भाग असेल. पण यजमानाचाही भाग आहे. तुकोजीरावांनी पाहुण्याला केवळ प्रेक्षणीय स्थळे दाखविली नाहीत. त्याला आपला पोशाख दिला, आपल्या पंगतीस बसविले, देवघराच्या दारापर्यंत नेले आणि त्याचे अडाणी प्रश्न ऐकून घेतले. आज आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला धारची लाट दाखवितो, १४०५ सालची लाट मशीद दाखवितो, मांडूची एक फेरी करवितो, देवासच्या टेकडीवर दर्शन घडवितो आणि रात्री इंदूरला पोचवितो. स्थळे पाहून होतात, माणसे राहून जातात. एक संध्याकाळ आपल्या स्वयंपाकघरात काढली, तर त्याला अधिक कळेल. आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरे देताना आपल्या चालीरीतींपैकी किती आपल्याला समजतात आणि किती नुसत्या उरकल्या जातात, हे आपल्यालाही कळेल.

आणखी एक गोष्ट. फॉर्स्टरची पत्रे टिकली, कारण ती घरच्यांनी जपून ठेवली. आपले पूर्वज अठराव्या शतकात माळव्यात उतरले, तेव्हा तेही येथे नवखेच होते. येथली काळी माती, येथली बोली, ज्वारी-मक्याची भाकर त्यांना पहिल्या आठ दिवसांत कशी वाटली, हे आपल्यापैकी किती घरांना ठाऊक आहे? आज आपली मुले परदेशांतून दूरध्वनीवर रोज बोलतात. बोलणे विरून जाते. त्यांना एवढेच सांगावे की, पहिल्या आठ दिवसांचे एक सविस्तर पत्र घरी लिही. ताटाची आकृतीही काढ. ते पत्र घरातल्या जुन्या कागदांत नीट ठेवावे. नवखेपण एकदाच येते, आणि ते सरल्यावर मागाहून आठवून लिहिता येत नाही.