तिथी पाहून नौकाविहार

व्यापारी कुटुंबाची सहल बहुधा दुकानाच्या सुट्टीवरून ठरते. वार निश्चित झाला की गाडी आणि मुक्काम यांची व्यवस्था आपोआप होते. शिरोड्याजवळच्या तेरेखोल खाडीत सहकुटुंब नौकाविहार करावयाचा असेल, तर मात्र वाराआधी तिथी पाहावी लागते.

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे गाव मिठागरांमुळे, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे आणि वि. स. खांडेकरांच्या 1920 ते 1938 या काळातील वास्तव्यामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. बहुतेक प्रवासी वेळागरचा समुद्रकिनारा पाहून परततात. परंतु जवळच आरोंदा येथे तेरेखोल नदीचे शांत, रुंद पात्र आहे. सह्याद्रीतून निघालेली ही नदी बांद्यावरून वाहत येते आणि पुढे महाराष्ट्र व गोवा यांची सीमा होऊन समुद्रास मिळते. काठावर माडांच्या रांगा, तिवरांची दाटी, मधूनच खंड्या आणि बगळे असे येथील दृश्य असते. समुद्रावरील लाटांची भीती वाटणारे वृद्धही येथे निर्धास्त बसू शकतात.

मात्र हे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते आणि भरतीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटी लागल्यावर उथळ भागात नौका गाळात रुतली, तर पुढील भरतीपर्यंत खोळंबून राहावे लागते. सोबत लहान मुले असतील आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नियम असेल, तर अशा खोळंब्याने साऱ्या सहलीवर विरजण पडते.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ या सुमारास पूर्ण भरती असते. हा ठोकताळा होय. प्रत्यक्ष वेळ पुढेमागे होते, म्हणून स्थानिक नावाड्याकडून ती पडताळून घ्यावी.

या हिशेबाने दुपारच्या विहारास चतुर्थी ते षष्ठी हे दिवस सोयीचे ठरतात. चढत्या पाण्याबरोबर वरच्या बाजूस जावे, भरती पुरी होताच फिरावे आणि उजेड असतानाच धक्क्यास लागावे. सकाळचा विहार हवा असल्यास द्वादशी किंवा त्रयोदशी निवडावी. अष्टमी व चतुर्दशी या तिथी अनेक घरांत व्रताच्या असल्याने तशाही वगळल्या जातात. पौर्णिमा व अमावास्येच्या उधाणात प्रवाह जोरदार असतो; त्या दिवसांत खाडीच्या मुखाकडे जाऊ नये. पाणी भरलेले असताना धक्क्यावरून नौकेत पाऊल टाकणे सोपे जाते. ओहोटीला उघड्या पडलेल्या शेवाळलेल्या पायऱ्या वृद्धांना धोक्याच्या असतात.

नौका ठरविताना काही गोष्टी आधीच विचाराव्यात. प्रत्येकासाठी, विशेषतः मुलांच्या मापाचे, लाइफ जॅकेट आहे का? परवानगी किती माणसांची आहे? तीच नौका मासेमारीस वापरली जाते का? वापरली जात असल्यास दुसरी मागावी. खाकरे, ठेपले, सुका नाश्ता आणि उकळून गाळलेले पाणी घरूनच न्यावे. मुक्कामाच्या ठिकाणी कंदमुळे वर्ज्य असल्याचे आदल्या दिवशी सांगितले, तर स्वयंपाक करणाऱ्याची धांदल होत नाही. पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांना कार्तिकी पौर्णिमेनंतरचा हिवाळाच उत्तम.

नौकेवरच रात्र काढण्याची हौस असलेल्यांनी केरळचा विचार करावा. 1993 साली राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 3 म्हणून घोषित झाला तेव्हा तेथील मार्ग कोल्लम ते कोट्टापुरम असा होता. आज हाउसबोट म्हणून फिरणारी केट्टुवल्लम ही एकेकाळी तांदूळ व मसाल्यांची वाहतूक करणारी, काथ्याच्या दोरीने फळ्या बांधून केलेली मालवाहू नौका होती. तेथेही सायंकाळी नौका काठाला बांधून ठेवतात.

सहलीचा विचार निघाला की प्रथम पंचांग उघडावे. त्यातील सोयीची तिथी कोणत्या वारी येते ते पाहावे आणि मग दुकानाच्या फळीवर सुट्टीची पाटी लावावी.