साडेपाच मीटरच्या रस्त्यावर

१८ जुलै २०२२ ची सकाळ अमळनेरकर विसरलेले नाहीत. इंदूरहून अमळनेरला निघालेली आपली एस.टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. चालक-वाहकासह किमान १२ जण गेले. देशभर बातमी झाली, दोन्ही राज्यांची सरकारी यंत्रणा कामाला लागली, आणि ते योग्यच होतं. पण त्याच वर्षी देशातल्या रस्त्यांवर एकूण १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. केंद्र सरकारचाच हा आकडा आहे. त्यातली शंभरातली ४४ हून अधिक दुचाकीवरची होती, १९ हून अधिक पायी चालणारी. आणि दर तीनपैकी दोन मृत्यू ग्रामीण भागातले.

म्हणजे आपल्याकडे माणूस बहुधा पुलावरून पडून मरत नाही. तो एकटा-दुकटा मरतो, घरापासून चार-पाच किलोमीटरवर, रोजच्या पायाखालच्या रस्त्यावर. त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते, आणि दुसऱ्या दिवशी पारावर एकच चर्चा रंगते: चूक कोणाची?

मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. चूक एका क्षणाची असते. जबाबदारी त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. आणि ती सगळ्यांची असली तरी सगळ्यांची सारखी नसते.

मारवडकडे किंवा पातोंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवेलागणीला थोडा वेळ उभं राहून पाहावं. शाळा-क्लास सुटलेल्या पोरी सायकलवर असतात. दुधाच्या कॅना लटकवलेली दुचाकी, बाजारातून परतणारं जोडपं आणि टाकीवर बसवलेलं लेकरू, शेतातून निघालेला ट्रॅक्टर, माणसं कोंबलेली काळी-पिवळी, मागे घाईतली आयशर. मंगळवार असेल तर मंगळग्रह मंदिराला आलेल्या परगावच्या मोटारी. त्यांना आपलं वळण कुठे, गतिरोधक कुठे, काहीच माहीत नसतं. देशभराची आकडेवारी सांगते की संध्याकाळी ६ ते ९ हे अपघाताचे सर्वांत वाईट तास. आपल्या रस्त्यांवर सगळ्या तऱ्हेची वाहनं एकत्र येतात तीही नेमकी याच वेळी.

आता जागेचा हिशेब करू. रस्ता साडेपाच मीटर रुंद आहे असं धरा. आयशर दोन मीटरहून थोडी जास्त रुंद. समोरून तशीच दुसरी आली की दोघी मिळून साडेचार मीटर खातात. उरला एक मीटर, तोही दोन्ही कडांना आणि मधल्या फटीत वाटलेला. सायकलचं हँडलच ६० सेंटिमीटरचं. अशा वेळी सायकलवरच्या मुलीला ओलांडून जायला रस्त्यावर जागा असूच शकत नाही. तरी ओलांडलं जातं, कारण ती साईडपट्टीवर उतरेल असं चालकाने गृहीत धरलेलं असतं. साईडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली असते, पावसाळ्यानंतर तर तिथे घळ पडलेली असते. चाक त्या कडेवर घसरलं की सायकल आत, रस्त्याच्या बाजूला पडते. मागच्या चाकाखाली.

यावर उपाय एकच आहे आणि त्याला पैसा लागत नाही: थांबणं. समोरची गाडी जाऊ द्यायची, मग बाजू सोडून पुढे जायचं. पाच-सहा सेकंदांचा मामला. स्पेन, फ्रान्स, जर्मनी इथे गावाबाहेर सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडण्याची कायद्याने सक्ती आहे. जर्मनीत तर दोन मीटर. आपल्याकडे मीटरचा आकडा नाही, पण २०१७ च्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमावलीत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेणं हे चालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

दुसरा हिशेब उजेडाचा. डिपरवर असलेल्या दिव्याच्या उजेडात काळे कपडे घातलेला माणूस साधारण ४० मीटरवर दिसतो. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद जातो असं धरलं, तर ताशी ४० च्या वेगाची गाडी कोरड्या रस्त्यावर २७-२८ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० ला हेच अंतर ४८ मीटरच्या घरात जातं, आणि ८० ला ७० च्या पुढे. याचा अर्थ रात्री डिपरवर ताशी ६० ने जाणारा चालक, मग तो कितीही सराईत असो, दिसल्यावर थांबू शकत नाही. त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं. समोरच्याने अप्पर मारून डोळे दिपवले तर आणखी वाईट: नजर परत बसायला तीन सेकंद लागले तरी गाडी ५० मीटर आंधळी धावलेली असते. ‘अंधारात दिसलंच नाही साहेब’ हे अपघातानंतर ठाण्यात सांगितलं जाणारं वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं. पण जितकं दिसतं तितक्याच अंतरात थांबता येईल एवढा वेग ठेवणं ही त्याचीच जबाबदारी होती.

वेग दुप्पट झाला की धडकेतली ताकद चौपट होते, हे आपण शाळेत शिकलो. त्यात वजनाची भर घाला. भरलेली आयशर दहा टनांच्या आसपास, दुचाकी माणसासकट दोनशे किलो, सायकल आणि शाळकरी मुलगी मिळून साठ. टक्कर झाली तर आयशरवाल्याला फार तर बंपर बदलावा लागतो. ज्याच्या हातात दुसऱ्याला मारण्याची ताकद जास्त, त्याच्याकडून सावधपणाही जास्त मागितला पाहिजे. नेदरलँड्समध्ये हे तत्त्व कायद्यातच आहे: मोटार आणि सायकलची धडक झाली तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्याची, आणि सायकलवर चौदा वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या चुकीकडे जवळपास पाहिलंच जात नाही. आपल्याला हा विचार परका नाही. मोटार वाहन कायद्यात १९८२ मध्येच चूक सिद्ध न करता भरपाई देण्याची तरतूद आली. आता कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये, चूक कोणाची हे न विचारता, मागता येतात.

या साखळीत सर्वांत अवघड जागी दुचाकीवाला आहे. काळी-पिवळीने कट मारला म्हणून तो हमरीतुमरीवर येतो. आपल्याकडे कट लागल्यावरून डोकी फुटल्याच्या बातम्या काही नव्या नाहीत. आणि तोच दुचाकीवाला पुढच्या वळणावर सायकलवरच्या म्हाताऱ्या आबांना हँडल घासून जातो. आयशरपुढे तो दुबळा असतो, सायकलपुढे बलवान. पण स्वतःला तो कायम दुबळाच समजतो, म्हणून दुसऱ्या बाजूचं कर्तव्य त्याच्या ध्यानातच येत नाही. गावोगावच्या तरुणांशी बोलायचं तर हेल्मेटच्या आधी हे बोलायला हवं असं मला वाटतं.

हेल्मेटचंही बोलायलाच हवं. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ जण गेले, आणि त्यातले १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. मागे कोण बसतं? आपली आई, बायको, बहीण, शाळेत सोडायचं पोर. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मागे बसणाऱ्यालाही. तरी घरात हेल्मेट आणलं जातं ते एकच, आणि तेही धुळ्याला-जळगावला जायचं असेल तेव्हाच खुंटीवरून निघतं. गावातल्या गावात काय लागतंय, ही समजूत ग्रामीण मृत्यूंच्या आकड्यापुढे टिकत नाही.

आणि सोळा वर्षांच्या पोराला गाडी देणं. दहावीच्या निकालाची दुचाकी ही आपल्याकडे बापाच्या प्रेमाची खूण झाली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. पण दंडाच्या भीतीपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या मुलाच्या हातून शेजारच्या गल्लीतला सायकलवरचा मुलगा गेला, तर दोन्ही घरं त्याच गावात, एकमेकांसमोर, जन्मभर राहणार आहेत.

सायकलवाल्याची आणि पायी चालणाऱ्याची जबाबदारी कमी आहे, शून्य नाही. त्याचं काम दोन गोष्टींचं: दिसणं, आणि आपण काय करणार आहोत हे मागच्याला कळू देणं. सायकल डाव्या कडेनेच चालवायची. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजवीकडून चालवणारे आपल्याकडे बरेच आहेत, पण त्यामुळे धडकेचा वेग वाढतो आणि चौकातल्या चालकाची नजर त्या बाजूला नसते. पायी चालणाऱ्याने मात्र फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजवीकडूनच, वाहनांकडे तोंड करून चालावं. चैत्रात सप्तशृंगीला पायी निघणाऱ्या जथ्थ्यांनी रात्रीच्या टप्प्यात एवढं जरी पाळलं, आणि पहिल्या-शेवटच्या माणसाच्या हातात बॅटरी दिली, तरी पुष्कळ फरक पडेल. वळताना हात दाखवणं, तिघींनी शेजारी-शेजारी सायकली न चालवणं, कानातले इअरफोन काढणं, मागच्या मडगार्डवर लाल रेडियम. २०१७ पासून नव्या दुचाकीचा दिवा दिवसाही आपोआप चालू राहतो, तो दिसण्यासाठीच. सायकलला ती सोय नाही, म्हणून तिच्या मालकाने ती करून घ्यायची.

रस्ता बांधणारा तर या हिशेबातून कायम सुटतो. साईडपट्टी भरलेली नाही, गतिरोधकावर पांढरा पट्टा नाही, वळणावरची काटेरी बाभूळ छाटलेली नाही, पुलाचा कठडा तुटून वर्ष झालं. कायद्याच्या कलम १९८ अ प्रमाणे मानकांनुसार रस्ता न बांधल्यामुळे किंवा न राखल्यामुळे मृत्यू झाला तर संबंधित यंत्रणा किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. रक्कम तुटपुंजी आहे हे खरं, पण कलम आहे. ग्रामसभेत ठराव करताना, बांधकाम विभागाला निवेदन देताना त्याचा उल्लेख करायला काय हरकत आहे?

अपघात झाल्यावरचंही थोडं. जखमीला उचललं तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, या भीतीने माणसं मोबाईलवर चित्रण करत उभी राहतात. मदत करणाऱ्याला कलम १३४ अ चं संरक्षण आहे. नाव-गाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती त्याच्यावर नाही. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत जखमीजवळ थांबावं. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तरीही १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई आहे. अर्ज महसूल यंत्रणेकडे करायचा, म्हणजे आपल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात. शेतमजुराच्या घरी हे क्वचित पोचतं; ते पोचवण्याचं काम सरपंच, तलाठी, शिकलेली पोरं करू शकतात.

राहता राहिला ट्रॅक्टर. कापसाच्या दिवसांत ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी माल फूटभर बाहेर आलेला असतो, मागे दिवा नसतो, असला तर बोंडांनी झाकलेला. ताशी १५-२० ने चालणारी ही भिंत मागच्या दुचाकीला शेवटच्या क्षणी दिसते. प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी जाऊन हे सांगणं कोणालाच शक्य नाही. पण बहुतेक ट्रॉल्या हंगामात केव्हा ना केव्हा जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या गेटवर वजनकाट्यासाठी थांबतात. रेडियमच्या पट्टीचा रोळ काट्याजवळ ठेवावा, हमालाने ट्रॉलीच्या मागच्या फळीच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी पट्ट्या चिकटवाव्यात, तेवढी धूळ आधी फडक्याने पुसून. दसऱ्याच्या सुमाराला पहिला कापूस यायला लागतो. हे काम त्याच आठवड्यात सुरू करता येईल.