सहल तलावाची, काळजी जिवाची

आपल्या भागाला समुद्र नाही, पण देवाने आणि पूर्वजांनी तलाव भरपूर दिले. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की सिंदेवाहीची मंडळी डबे बांधून नागभीड तालुक्यातल्या घोडाझरीला नाहीतर सावली तालुक्यातल्या आसोलामेंढ्याला निघतात. सहल अवश्य करावी. मोकळी हवा आणि घरच्यांचा सहवास हे औषधच आहे. परंतु मार्च २०२५ मध्ये याच घोडाझरीत सहलीला आलेले पाच तरुण बुडाले. म्हणून या आठवड्यात पाण्याविषयी लिहितो आहे.

बरेच जण मला म्हणतात, "डॉक्टरसाहेब, तलावाचं पाणी तर साचलेलं, त्यात कसली ओढ?" धोका इथेच आहे. नदीचा जोर डोळ्यांना दिसतो, तलावाचा तळ दिसत नाही. पाळीसाठी जिथून माती उचलली असेल तिथे एकाएकी खोल खड्डा असू शकतो. कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला डोक्याएवढ्या पाण्यात जातो. तळाच्या गाळात पाय रुततो. शिंगाड्याच्या वेली, शेवाळ आणि मासेमारीची जाळी पायात अडकतात. वरचे पाणी उन्हाने कोमट असले तरी खालचे गार असते. त्यात अचानक शिरले की दम लागतो, धाप लागून तोंडात पाणी जाते. विहिरीत पोहायला शिकलेल्यालाही तलावात हा अनुभव नवा असतो, कारण दमल्यावर धरायला काठ जवळ नसतो.

पावसाळ्यातली गोष्ट निराळी. तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडू लागले की ते पाहायला गर्दी उसळते. तिथला दगड शेवाळाने तेलकट झालेला असतो आणि गुडघाभर वाहते पाणीही धडधाकट माणसाचे पाय उखडते. सांडवा आणि तुडूम या दोन जागांपासून दूरच राहावे.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, हे नीट लक्षात ठेवा. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या क्षणात त्याला फक्त श्वास घ्यायचा असतो. हाक मारायला श्वास उरत नाही. हात वर करून हलवणेही जमत नाही, कारण ते आपोआप पाणी खाली दाबत असतात. मान मागे, तोंड उघडे, अंग उभे, असे दिसले की समजावे. लहान मूल तर मिनिटाच्या आत, आवाज न करता खाली जाते. म्हणून मूल पाण्याजवळ असेल तेव्हा एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्याकडेच पाहावे, आणि तेही हाताच्या अंतरावरून. मोबाईल खिशात राहू द्यावा.

कोणी बुडताना दिसला तर उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन होतात. दोर, लांब काठी, पीळ दिलेले लुगडे किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे फेका. काठावर आडवे पडून ओढा. आरडाओरडा करून मासेमारांना बोलवा. ते पाणी ओळखतात.

बाहेर काढल्यावर आपल्याकडे त्याला उलटे टांगतात, गरगर फिरवतात, पोट दाबतात. हे कृपया करू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी उलटून श्वासनळीत शिरते. श्वास बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. हाक मारून उठत नसेल, श्वास चालत नसेल, तर पाठीवर निजवा, हनुवटी उचला, नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे दोन इंच खोल दाब द्या. ३० दाबांनंतर पुन्हा दोन श्वास. लहान मुलाची छाती एक-तृतीयांश खोल दाबावी. दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनंतरही त्रास देते.

बारीकसारीक गोष्टीही सांगतो. तलावाचे पाणी पिऊ नये. घरून उकळलेले न्यावे. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये, कारण गुरांच्या व उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात. पाण्यावर हिरव्या रंगासारखा थर असेल तर अंगाला खाज सुटते, मुलांना लांब ठेवा. दुपारच्या उन्हात सावली धरा. आणि घोडाझरीचा परिसर २०१८ पासून अभयारण्य आहे; अंधार पडायच्या आत घर गाठा.

दारू पिऊन पाण्यात उतरणे म्हणजे तर मरणाला आवतण. निघण्यापूर्वी डब्यांसोबत वीस हात लांबीचा मजबूत दोर गाडीत टाका. त्याला पैसे फारसे पडत नाहीत, आणि एखाद्या घरचा दिवा त्यावर टिकून राहू शकतो.